जखमांसह उगवलेली पहाट

ख्रिस्ती धर्मीयांच्या सणांमध्ये नाताळचा गाजावाजा अधिक होत असला, तरी श्रद्धेच्या दृष्टीने अग्रमान ईस्टरचा आहे. गुड फ्रायडेला क्रूसावर प्राण अर्पण केलेला येशू ख्रिस्त तिसऱ्या दिवशी मृत्यूवर विजय मिळवून उठला, या विश्वासावर ख्रिस्ती धर्म उभा आहे. इसवी सन ५५ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात संत पौलाने, पुनरुत्थान खरे नसेल तर उपदेशाला आणि श्रद्धेला काहीच अर्थ उरत नाही, असे स्पष्ट बजावले आहे.

घरात आणि समाजात सारे सुरळीत असताना अशी श्रद्धा बाळगणे अवघड नाही. परंतु दुःखाचा डोंगर कोसळल्यावर मृत्यूवरील विजयाची ही घोषणा पोकळ वाटण्याचा धोका असतो. म्हणूनच पहिल्या ईस्टरची हकिकत नीट समजून घ्यायला हवी. त्या पहाटे कोणताही जल्लोष नव्हता. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध हस्तलिखितांचा शेवट भयाने होतो: रिकामी कबर पाहून स्त्रिया थरथर कापत पळून जातात. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य भीतीपोटी दारे लावून बसलेले दिसतात. संकटाने हादरलेली माणसेच पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार ठरली.

त्या बंद दारांआड प्रकट झालेल्या ख्रिस्ताच्या शरीरावर खिळ्यांचे आणि भाल्याचे व्रण तसेच होते. प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज विश्वास ठेवणार नाही, असे म्हणणाऱ्या थोमाला त्याने तेच व्रण दाखवले. हाच थोमा पुढे भारतात आला आणि आजच्या चेन्नईतील मैलापूर परिसरात त्याला हौतात्म्य आले, अशी परंपरा आहे. मृत्यूला जिंकल्यावरही जखमा पुसल्या गेल्या नाहीत, हा या कथेचा गाभा आहे. झालेले दुःख झालेच नाही, असे पुनरुत्थानाची श्रद्धा म्हणत नाही. त्या दुःखाला अंतिम शब्द उच्चारण्याचा अधिकार मात्र ती नाकारते.

कॅथलिक उपासनेत हा अर्थ एका साध्या खुणेतून व्यक्त होतो. पवित्र शनिवारच्या रात्री, चर्चमधील दिवे मालवलेले असताना, बाहेर अग्नी प्रज्वलित केला जातो आणि त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती पेटवली जाते. तिच्यावर चालू वर्षाचे अंक कोरतात आणि क्रूसाच्या आकारात धूपाचे पाच खडे बसवतात. हे पाच खडे म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा. अंधारात शिरणारा पहिला प्रकाश या खुणा अंगावर वागवत येतो.

या श्रद्धेची कठोर कसोटी अलीकडच्या काळात श्रीलंकेत लागली. २१ एप्रिल २०१९ रोजी, ऐन ईस्टरच्या सकाळी, आत्मघातकी हल्लेखोरांनी तीन चर्च आणि कोलंबोतील आलिशान हॉटेले यांना लक्ष्य केले. अडीचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी शंभराहून अधिक बळी निगोम्बोजवळच्या कटुवापिटिया येथील सेंट सेबॅस्टियन चर्चमधील होते. तेथील पुनरुत्थित ख्रिस्ताच्या मूर्तीवर उपासकांच्या रक्ताचे शिंतोडे उडाले. ते धुऊन न टाकता ती मूर्ती तशीच जपण्यात आली.

पुढच्या रविवारी, २८ एप्रिलला, सुरक्षेच्या कारणास्तव देशातील कॅथलिक चर्चमध्ये सार्वजनिक मिस्सा झाली नाही. कोलंबोचे आर्चबिशप कार्डिनल माल्कम रंजित यांनी निवासस्थानातील चॅपेलमध्ये अर्पण केलेली मिस्सा भाविकांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. ईस्टरनंतरच्या रविवारी कॅथलिक चर्चमध्ये दरवर्षी बंद दारांचा आणि थोमाचा प्रसंगच वाचला जातो. घरांत अडकलेल्या, आप्तांना नुकतीच मूठमाती दिलेल्या त्या लोकांसाठी तो दोन हजार वर्षांपूर्वीचा राहिला नव्हता.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. मे महिन्यात मुस्लिमांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा कार्डिनलांनी ख्रिस्ती समाजाला सूडापासून दूर राहण्याचे आवाहन केले. २०२० च्या ईस्टरला त्यांनी हल्लेखोरांना क्षमा केल्याचे जाहीर केले. मात्र क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे. भारताने दिलेल्या पूर्वसूचनेकडे दुर्लक्ष कसे झाले, हा प्रश्न त्यांनी आणि पीडित कुटुंबांनी लावून धरला. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना कर्तव्यातील कसुरीबद्दल दहा कोटी श्रीलंकन रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. अन्य काही अधिकाऱ्यांनाही जबाबदार धरण्यात आले. व्रण झाकायचे नाहीत आणि त्यांचा सूडही घ्यायचा नाही, ही वाट कठीण आहे. पुनरुत्थानाच्या श्रद्धेने या समाजाला त्या वाटेवर चालण्याचे बळ दिले.

गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्यामध्ये एक शनिवार आहे, याचाही अनेकदा विसर पडतो. त्या दिवशी वेदीवरचे वस्त्र काढलेले असते, दिवसभर मिस्सा होत नाही. काही घडत नाही, उत्तर मिळत नाही, केवळ वाट पाहावी लागते. आजारपण, वियोग, बेकारी किंवा छळ सोसणाऱ्या अनेकांचे आयुष्य याच शनिवारी थबकलेले असते. त्यांना घाईघाईने आनंदी व्हा, असे ईस्टर सांगत नाही. बंद दारांआड बसलेल्यांपाशी जखमी हात घेऊन कोणी तरी येतो आणि भिऊ नका, असा दिलासा देतो, एवढेच ते सांगते. कठीण काळात ख्रिस्ती माणसाला तेवढा आधार पुरतो. त्या आधारावर उभे राहून दुसऱ्याच्या जखमेवर फुंकर घालणे, हीच त्याच्या श्रद्धेची खरी साक्ष ठरते.