बांध हलवताना

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये लेक व्ह्यू रोड नावाचा रस्ता आहे. नावात तळे आहे. रस्त्यावर उभे राहिले की दिसतात ती घरे, दुकाने आणि दाटीने लावलेल्या दुचाक्या. तळे मात्र खरोखरच होते. नुंगमबाक्कमपासून सैदापेटपर्यंत पसरलेला लाँग टँक नावाचा तलाव १९२३ पासून आटवायला घेतला आणि त्या जमिनीवर टी. नगर वसले. आज मधून लोकलचे रूळ जातात, पूर्वेला टी. नगर, पश्चिमेला वेस्ट मांबलम. वाढत्या मद्रासला घरे हवी होती, ती मिळाली. पाण्याने कुठे जायचे, हा प्रश्न तसाच राहिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये शहरात चोवीस तासांत २० सेंटिमीटरहून अधिक पाऊस झाला, तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्या पाण्याखाली गेल्या. पुराला कारणे अनेक असतात, पण बांध आत घेतला की आतले पाणी नाहीसे होत नाही, हे तिथल्या रहिवाशाला वेगळे सांगावे लागत नाही.

युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणारे सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचाही रोजचा प्रश्न हाच आहे. जागा वाढवायची किंवा कमी करायची, आणि आत जे आहे त्याला धक्का लागू द्यायचा नाही.

सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू असणारा संगणक. बँकेची खाती, रुग्णालयाचे अहवाल, शाळेचे निकाल अशाच यंत्रांवर असतात. त्याच्या डिस्कची पूर्वी शेतासारखी वाटणी होत असे. इतका भाग प्रणालीला, इतका नोंदींना, इतका वापरकर्त्यांच्या फायलींना. या वाटणीला पार्टिशन म्हणतात. वाटणीच्या दिवशी सगळे ठीक दिसते. दोन वर्षांनी नोंदींचा हिस्सा काठोकाठ भरतो आणि शेजारच्या हिश्शात अर्धी जागा पडीक असते, पण मधला बांध हलत नाही. नोंद लिहायला जागा नसली की डेटाबेस थांबतो आणि खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला 'सर्व्हर डाउन आहे' एवढेच ऐकू येते.

ही अडचण युनिक्सच्या जन्मापासूनची आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ज्या डिस्कवर काम करत, तिच्यात आजच्या मोबाइलमधला एखादा फोटोही जेमतेम मावला असता. प्रणाली फुगली, पहिल्या डिस्कमध्ये मावेना, म्हणून तिचा काही भाग वापरकर्त्यांच्या फायलींसाठी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर सरकवला. त्या जागेचे नाव होते 'यूएसआर'. वापरकर्त्यांच्या फायली तिथून केव्हाच हलल्या, पण प्रणालीचे प्रोग्राम युनिक्सच्या वळणाच्या लिनक्सवर अजूनही यूएसआरमध्येच राहतात. जागेच्या टंचाईने घेतलेला एक निर्णय पन्नास वर्षे टिकला आहे.

बांध हलवता येण्याची सोय पुढे आली. आयबीएमने १९९० मध्ये आपल्या एआयएक्स या युनिक्समध्ये लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर दिला. लिनक्ससाठी तसाच प्रोग्राम हाइन्त्स माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिहिला, एचपीच्या युनिक्सचा नमुना समोर ठेवून. सगळे त्याला एलव्हीएम म्हणतात.

त्यामागची कल्पना आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. एका घराची जमीन तीन शिवारांत विखुरलेली असते, पण घरात ती मिळून 'आपली दहा एकर'. एलव्हीएम डिस्कांचे तसेच करते. प्रत्येक डिस्क म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम. त्यांची मिळून होते ती सामाईक जमीन, व्हॉल्यूम ग्रुप. आणि त्यातून गरजेप्रमाणे काढून दिलेला हिस्सा म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. मोजणीचा तुकडा सहसा ४ मेगाबाइटचा. १०० जीबीचा हिस्सा म्हणजे असे २५,६०० तुकडे, आणि ते एकाच डिस्कवर शेजारीशेजारी असण्याची सक्ती नाही. कुठला तुकडा कुठे आहे, याचा उतारा एलव्हीएम ठेवते. वापरणाऱ्याला एकसंध शेत दिसते.

त्यामुळे वाढवणे सोपे झाले. नवी डिस्क बसवायची, 'पीव्हीक्रिएट'ने ती एलव्हीएमच्या नावावर करायची, 'व्हीजीएक्सटेंड'ने सामाईकात घालायची, 'एलव्हीएक्सटेंड'ने हव्या त्या हिश्शाला जोडायची. इथे नवशिका थांबतो आणि बुचकळ्यात पडतो, कारण मोकळी जागा अजून जुनीच दिसते. हिस्सा वाढला, पण त्यावर फायलींची मांडणी करणाऱ्या फाइल सिस्टिमला ते अजून कळलेले नसते. बांध पुढे सरकला, नांगर मात्र जुन्या बांधावरूनच वळतो आहे. फाइल सिस्टिम ईएक्सटी४ प्रकारची असेल तर 'रिसाइज२एफएस', एक्सएफएस असेल तर 'एक्सएफएस ग्रोएफएस' चालवले की नवी जागा वापरात येते. हे सगळे सर्व्हर चालू असताना, लोकांचे काम न थांबवता होऊ शकते.

कमी करताना क्रम नेमका उलटा. आधी फाइल सिस्टिम आत ओढायची, मग हिस्सा कापायचा. ईएक्सटी४ मध्ये त्यासाठी तो भाग वापरातून काढावा लागतो, म्हणजे अनमाउंट करावा लागतो, आणि त्याची तपासणी पुरी करावी लागते. मग फाइल सिस्टिम आपला डेटा पुढच्या भागात सरकवते आणि शेवटची जागा रिकामी करते. हे न करता हिस्सा आधी कापला, तर शेवटच्या भागातल्या फायली बांधाबाहेर जातात. तलावाचे पाणी निदान रस्त्यावर दिसते. इथे कधी कधी काही दिवस काहीच दिसत नाही, आणि मग एखादी फाइल उघडत नाही. म्हणून जाणकार फाइल सिस्टिम हव्या त्या मापापेक्षा थोडी जास्तच लहान करतात, मग हिस्सा कापतात आणि उरलेल्या फटीएवढी फाइल सिस्टिम पुन्हा वाढवतात.

एक चिन्हही किती महागात पडू शकते ते पाहा. २०० जीबीचा हिस्सा आहे. 'एलव्हीरिड्यूस'ला 'उणे ५० जीबी' सांगितले तर उरतात १५० जीबी. उणे चिन्ह राहून गेले तर त्याच आज्ञेचा अर्थ '५० जीबीवर आण' असा होतो. जुन्या आवृत्त्यांत ही आज्ञा फक्त सावधगिरीची सूचना देते, पण रात्री दोन वाजता थकलेले बोट 'वाय' दाबून मोकळे होते. या कामाआधी बॅकअप घेणे आणि तो उघडून पाहणे, यात तडजोड करू नये.

चूक झालीच तर एक आधार असतो. गावच्या दप्तरात फेरफार नोंदतात, तसा एलव्हीएम प्रत्येक बदलाआधीचा उतारा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जपून ठेवते. कापलेल्या जागेवर नवे काही लिहिले गेले नसेल, तर 'व्हीजीसीएफजीरिस्टोअर'ने जुना बांध पुन्हा आखता येतो. पण उतारा म्हणजे पीक नव्हे. वरून नवा डेटा लिहिला गेला तर जुना परत येत नाही. दुसरी गोष्ट डिस्क बिघडण्याची. सामाईकातल्या दोन डिस्कांवर एक हिस्सा पसरला आणि त्यांतली एक बंद पडली, की तो अख्खा हिस्सा गेल्यातच जमा. जागा जोडणे आणि जागा राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. राखण्यासाठी प्रत वेगळ्या डिस्कवर हवी.

क्लाउडमुळे हे प्रश्न संपलेले नाहीत. ॲमेझॉनच्या ईबीएस सेवेत २०१७ पासून चालू सर्व्हरची डिस्क मोठी करता येते, लहान करता येत नाही. रेड हॅट या कंपनीने २०१४ मध्ये आपल्या लिनक्सच्या सातव्या आवृत्तीत एक्सएफएसला पहिली पसंती दिली; ती फाइल सिस्टिमही वाढवायला सोपी आहे, पण कमी करायचे म्हटले की व्यवहारात हात टेकावे लागतात. अशा वेळी लहान मापाची नवी जागा करायची, तिथे सगळा डेटा उतरवायचा, फायलींची संख्या आणि बेरजा ताडून पाहायच्या, काही मिनिटे सेवा थांबवून राहिलेले बदल आणायचे आणि जुन्या जागेऐवजी नवी जोडायची. जुनी डिस्क लगेच पुसत नाहीत. महिनाअखेरचे हिशेब नव्या जागेवरून बिनचूक निघेपर्यंत ती तशीच बाजूला ठेवतात.