नेता गेला, पोटनिवडणूक आली

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री, डॅनियल अँड्र्यूज यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये पदाबरोबर आमदारकीही सोडली. जसिंटा ॲलन यांच्याकडे सूत्रे गेली. ॲलन यांचा मतदारसंघ वेगळा, बेंडिगो ईस्ट. अँड्र्यूज यांनी आमदारकी सोडल्यामुळे त्यांच्या मलग्रेव्हसाठी, मेलबर्नच्या या आग्नेय उपनगरी मतदारसंघासाठी, वेगळी पोटनिवडणूक लागली.

आपल्याकडे रिकामी जागा साधारणतः सहा महिन्यांत भरावी लागते आणि तारीख निवडणूक आयोग ठरवतो. तिथे विधानसभेचा अध्यक्ष आदेश काढतो. मतदान सक्तीचे, विनाकारण दांडी मारली की दंड. मतपत्रिकेवर शिक्का नाही, तर प्रत्येक उमेदवारापुढे पसंतीक्रम लिहायचा. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिली पसंती मिळाली नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीनुसार वाटली जातात.

१८ नोव्हेंबरच्या मतदानात नेमके हेच कामी आले. अँड्र्यूज यांच्याच लेबर पक्षाच्या ईडन फॉस्टर यांना पहिल्या पसंतीची ४० टक्क्यांच्या आसपासच मते पडली. वर्षभरापूर्वी अँड्र्यूज यांना ५१ टक्क्यांच्या घरात होती. मोठे नाव गेले की अशी घसरण व्हायचीच, तिचा फार बाऊ करू नये. इतरांच्या पसंतीच्या मतांवर फॉस्टर निवडून आल्या आणि जागा लेबरकडेच राहिली.