गोगलगायीला सवय कशी लागते?

डोंबिवलीला रुळांलगत राहणाऱ्या मावशीकडे मुक्काम होता. प्रत्येक लोकलला मी दचकून जागा, मावशी मात्र गाढ झोपेत! तिला त्या आवाजाची सवय झालेली.

अशा सवयीमागची यंत्रणा मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडल यांनी ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीत उलगडली. निवड झकास होती. मज्जापेशी जेमतेम 20,000 आणि त्यातल्या काही नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढ्या मोठ्या.

तिच्या नळीला हलकेच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. पुन्हा पुन्हा स्पर्श केला की प्रतिसाद मंदावतो. स्नायू थकलेले नसतात. संवेदी पेशीच पुढच्या पेशीकडे रसायन कमी सोडू लागते.

शेपटीला विजेचा झटका दिला की सगळं उलटं. सेरोटोनिन पाझरतं, रसायन वाढतं आणि साध्या स्पर्शालाही ती जोरात आकसते. झटके काही दिवस देत राहिलं तर पेशींमध्ये नवे जोड चक्क उगवतात! (माझा सगळ्यात आवडता भाग.)

याच कामासाठी कँडल यांना 2000 चं नोबेल विभागून मिळालं.

माणसाचा मेंदू कैक पटींनी गुंतागुंतीचा, त्यामुळे यावरून ताणावरचे उपाय विकणाऱ्यांपासून जरा लांबच राहा.