वायू सर्वांचा, भार कोणाचा?

दाभोळहून निघून कोल्हापूर व बेळगाव जिल्ह्यांतून बंगळूरकडे जाणारी नैसर्गिक वायूची वाहिनी २०१३ साली कार्यान्वित झाली. तिचीच एक शाखा गोकाककडून फुटून गोव्यात उतरते आणि झुवारीनगरच्या खत कारखान्याला वायू पुरविते. समुद्राच्या कुशीत वसलेल्या गोव्याला वायू मिळावा तो घाटमाथ्यावरील बेळगाव जिल्ह्याच्या वाटेने, हा भूगोलाचा विनोद वाटेल. परंतु त्यातून उभा राहणारा प्रश्न मुळीच विनोदाचा नाही. हा वायू कोणाच्या मालकीचा, आणि ज्यांच्या शेताखालून तो वाहतो त्यांचा त्यात वाटा कोणता?

समुद्रापुरते उत्तर कायद्याने फार पूर्वी दिले आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागरसम्राट’ या तरत्या वेधनयंत्राने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेलाचा शोध लावला आणि २१ मे १९७६ रोजी ‘मुंबई हाय’चे उत्पादन सुरू झाले. त्याच सुमारास वसईच्या समुद्रात वायूचा प्रचंड साठा सापडला. राज्यघटनेच्या २९७ व्या अनुच्छेदानुसार सागरतळाखालची ही संपत्ती केंद्राची आहे, आणि १९७६ च्या घटनादुरुस्तीने हा अधिकार अधिक दूरवरच्या सागरी क्षेत्रापर्यंत विस्तारला. म्हणूनच जमिनीवरील तेलासाठी आसाम व गुजरात यांना स्वामित्वधन मिळते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरील तेलाचे स्वामित्वधन मात्र केंद्राच्या तिजोरीत जमा होते.

ही व्यवस्था किनारी राज्यांना बोचत असली तरी तत्त्वतः ती योग्यच आहे, असे आम्हांस वाटते. वसईचा वायू हजिऱ्याहून मध्य प्रदेशातील विजयपूर मार्गे उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत गेला आणि तेथील खत कारखाने उभे राहिले, ते मालकी साऱ्या देशाची होती म्हणूनच. २००१ साली गुजरातने वायूविषयी स्वतंत्र कायदा केला, तेव्हा २५ मार्च २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा विषय केंद्राच्याच अधिकारातील असल्याचे स्पष्ट केले. प्रत्येक राज्य आपापल्या वायूला कुंपण घालू लागले असते, तर बेळगाव-धारवाडसारख्या समुद्रापासून दूरच्या प्रदेशास फार काळ वाट पाहावी लागली असती.

परंतु मालकी केंद्राची याचा अर्थ ती मंत्रालयाची किंवा कंत्राटदाराची असा होत नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूच्या वादात ७ मे २०१० रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सरकार ही संपत्ती जनतेचे विश्वस्त म्हणून सांभाळते, असेच सूत्र मांडले. विश्वस्ताचे काम कसे पार पडते याचा धडा पन्ना-मुक्ता व तापी या क्षेत्रांनी दिला आहे. तेल व नैसर्गिक वायू आयोगाने शोधलेली ही क्षेत्रे डिसेंबर १९९४ मधील कराराने पंचवीस वर्षांसाठी तिघांच्या भागीदारीत गेली: ४० टक्के तेल व नैसर्गिक वायू महामंडळाकडे आणि प्रत्येकी ३० टक्के रिलायन्स व एन्रॉन यांच्याकडे. एन्रॉनचा वाटा पुढे २००२ मध्ये ब्रिटिश गॅसने घेतला. खर्चाच्या वसुलीवरून व सरकारच्या हिश्श्यावरून लवादांची मालिका सुरू झाली ती वर्षानुवर्षे चालली. डिसेंबर २०१९ मध्ये मुदत संपून पन्ना-मुक्ता महामंडळाकडे परत आले; तापीतील उत्पादन तर २०१६ सालीच थांबले होते. कागदावरची मालकी अबाधित राहिली, पण मालकाच्या हाती परत आले ते बऱ्याच अंशी उपसून झालेले भांडार.

समुद्रात मालक सरकार आणि उपभोग दुसऱ्याचा. जमिनीवर नेमकी उलटी तऱ्हा आहे. वायुवाहिन्यांसाठी १९६२ सालचा वापरहक्क संपादनाचा कायदा लागू होतो. त्यानुसार शेत शेतकऱ्याच्याच नावावर राहते, त्याला पूर्वीप्रमाणे पीकही काढता येते. मात्र वाहिनीच्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. या कायमच्या बंधनाचा मोबदला म्हणजे पीक व झाडांच्या नुकसानीची भरपाई आणि जमिनीच्या बाजारभावाच्या अवघे दहा टक्के, तेही एकदाच. बाजारभाव धरावयाचा तो पहिल्या अधिसूचनेच्या दिवशीचा! पुढे त्या जमिनीचे मोल दसपट झाले, तरी तिच्या मालकाच्या पदरी काही नाही.

नावापुरती मालकी म्हणजे काय, हे या सीमाभागाला शिकवावयास नको. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडविला, तो याच कारणाने. पीक त्यांचे होते, भाव मात्र दुसरेच ठरवीत होते. त्या आंदोलनात गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे प्राण गेले. ज्याच्या घामाने माल पिकतो, त्याला दर ठरविताना विचारलेच जात नाही, ही वेदना आजही तितकीच खरी आहे.

देशहिताच्या वाहिन्या अडवाव्यात, असे आमचे म्हणणे नाही. तमिळनाडू सरकारने शेतांतून जाणाऱ्या वाहिनीस विरोध केला, तोही २ फेब्रुवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. कायदा असाच राहिला, तर शेतकऱ्याच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या राज्य सरकारचेही काही चालणार नाही, हाच याचा बोध. म्हणून कायदाच बदलला पाहिजे. एकरकमी दहा टक्क्यांऐवजी वाहिनी जमिनीत असेपर्यंत दरवर्षी भाडे मिळावे आणि ठरावीक काळाने त्यात वाढ व्हावी. वाहिनीलगतच्या गावांना घरगुती वायू शहरांच्या आधी मिळावा. आणि सुरक्षिततेची तपासणी ग्रामपंचायतींसमोर उघडपणे व्हावी. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम येथे वायुवाहिनीच्या स्फोटात वीसहून अधिक माणसे दगावली, हे विसरून चालणार नाही.

बेळगाव कोणत्या राज्याचे, हा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निर्णय तेथेच होईल. परंतु शेताखालून जाणाऱ्या नळाला मराठी शेतकरी आणि कन्नड शेतकरी असा भेद ठाऊक नाही. दोघांच्याही विहिरी त्याने सारख्याच अडविल्या आहेत. या एका मागणीसाठी तरी खानापूर, हुक्केरी, गोकाकच्या शेतकऱ्यांनी एकत्र यावे आणि दोन्ही राज्यांच्या खासदारांनी संसदेत एका सुरात बोलावे. वायू जर खरोखरच साऱ्या जनतेचा असेल, तर त्याचा भार पाठीवर वाहणाऱ्या जनतेपासूनच त्या मालकीचा आरंभ झाला पाहिजे.