दोऱ्याची रेघ

तळोद्याला मी गेलो तो बारगळांच्या गढीसाठी. संपादकांना मल्हारराव होळकरांच्या आजोळावर लेख हवा होता. वडील गेल्यावर लहानगा मल्हार आईबरोबर मामा भोजराजराव बारगळांकडे तळोद्याला आला, इथेच वाढला, आणि मामांची मुलगी गौतमाबाई पुढे त्यांची पत्नी झाली. नंदुरबारहून हातोडा पुलावरून तापी ओलांडली की उत्तरेला सातपुडा आडवा पसरलेला दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी हे तालुक्याचं गाव. गढी पाहून झाली, टिपणं झाली. बसला दोन तास होते.

अक्कलकुव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एका शेडपुढे एक माणूस उकिडवा बसला होता. त्याच्या हातात पांढऱ्या दोऱ्याचं एक टोक, दुसरं टोक एका पोराच्या हातात, आणि मधे ऊसरसाच्या यंत्राच्या दोन पुल्या. माणूस दोऱ्याकडे बघत होता, पुलीकडे बघतच नव्हता. "अजून. अजून. थांब," एवढंच बोलला. मग हातोडीने मोटरच्या पायाला एक टिचकी मारली. हातोडी उचलून मारली असं म्हणवत नाही, इतकी ती हलकी होती. पुन्हा दोरा. मी गढी विसरलो आणि बसही सोडली.

त्यांना सगळे नुसते 'मिस्त्री' म्हणतात. चाळीस वर्षं पुल्या बसवतात. पिठाच्या गिरण्या, विहिरीवरचे पंप, मिरची कांडप, थ्रेशर, रसवंती, जे काही पट्ट्यावर फिरतं ते सगळं त्यांच्याकडे येतं. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची सुकते तेव्हा कांडपवाल्यांचे निरोप येतात, आणि पावसाळा सरला की पंपांचे. दुसऱ्या दिवशी ते एका गिरणीवर जाणार होते. "येता का? पण दिवस जाईल," म्हणाले. मी गेलो. दिवस गेला, आणि रात्रही थोडी.

पट्टा आणि पुली यांचा इतिहास मी मुक्कामी परतल्यावर चाळला. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली उभारायला घेतली, तेव्हापासून आपल्याकडे वाफेच्या एका इंजिनाची ताकद लांबलचक शाफ्टवरून आणि पट्ट्यांवरून शेकडो यंत्रांना वाटली जाऊ लागली. गावाकडे ही विद्या तेलाच्या इंजिनाबरोबर आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने डिझेल इंजिनं काढली, १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. त्यांचं एव्ही-१ हे उभं, एका सिलिंडरचं इंजिन: ८० मिलिमीटर व्यास, ११० मिलिमीटर स्ट्रोक, पाच अश्वशक्ती, मिनिटाला १५०० फेरे. विहिरीच्या काठावरची ती टकटक महाराष्ट्राने पन्नास-साठ वर्षं ऐकली. इंजिनांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. इंजिनापासून यंत्रापर्यंत ताकद पोचवणाऱ्या त्या चार-पाच फुटांवर मला जवळजवळ काहीच सापडलं नाही.

गिरणी एका पुनर्वसन वसाहतीला लागून होती. सरदार सरोवराच्या बुडितातली गावं नर्मदाकाठाहून उठवून तळोदा तालुक्यात सोमावल, रोझवा अशा ठिकाणी वसवली गेली. डोंगरात मका, ज्वारी आणि मोर हे भरडधान्य पिकवणारी ही माणसं आता सपाटीवर राहतात. गिरणीवाल्याकडे विजेची मोटर आहे, पण दाब पडला की दगड अडतो, म्हणून त्याने डिझेल इंजिन काढलेलं नाही. तक्रार साधी होती: पट्टा उतरतो. दिवसातून सहा-सात वेळा. आणि पिठाला जळका वास येतो.

मिस्त्रींनी आधी वास घेतला. मूठभर ज्वारीचं पीठ नाकाशी नेलं, मग इंजिनाच्या पुलीवर टेप धरली. "नऊ इंच. ही आठाची होती. कोणी बदलली?" गिरणीवाल्याने मान खाली घातली. लवकर दळण व्हावं म्हणून त्यानेच बदलली होती. हिशेब मिस्त्रींनी भिंतीवर खडूने मांडला. इंजिनाचे फेरे १५००, चक्कीची पुली २० इंची. आठाची पुली असेल तर दगड ६०० फेरे घेतो, नवाची घातली तर ६७५. एवढ्या पंचाहत्तर फेऱ्यांनी दगड तापतो, पीठ करपतं, आणि अशा पिठाच्या भाकरीला चव राहत नाही. आठ इंची पुलीवरूनही पट्टा सेकंदाला सुमारे १६ मीटर धावतो. खोलीत एवढ्या वेगाने सुटलेला पट्टा काय करतो ते मिस्त्रींच्या डाव्या करंगळीवर दिसतं, तिचं वरचं पेर नाही.

माझं कुतूहल सपाट पट्ट्याचं होतं. पुलीला काठ नाही, खोबण नाही, मग तो टिकतो कसा? मिस्त्रींनी माझा तळवा पुलीवर ठेवला. मधे किंचित फुगवटा लागला, जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा. एवढ्या उंचवट्यावर सगळा खेळ आहे. मला वाटत होतं की पट्टा उंचवट्यावरून घसरेल. तो उलट चढतो. पुली एका बाजूला जाड असली तर पट्ट्याची त्या बाजूची कड जास्त ताणली जाते, पट्टा किंचित वाकतो, आणि मागून येणारा भाग थोडा आणखी वरच्या अंगाला टेकतो. असं फेऱ्यामागून फेरा. मधला फुगवटा म्हणजे दोन्हीकडून चढाव, म्हणून पट्टा माथ्यावर येऊन स्थिर होतो. पण दोन शाफ्ट एकमेकांना समांतर नसतील तर नियम फिरतो: ज्या बाजूला अंतर कमी आणि ढिलाई जास्त, तिकडे पट्टा पळतो. "पुली ताणाकडे ओढते, वाकडा शाफ्ट ढिलाकडे ढकलतो. दोघांच्या भांडणात पट्टा उतरतो," मिस्त्री म्हणाले. यापेक्षा नेमकं वाक्य मला यंत्रशास्त्राच्या पुस्तकात मिळालं नाही.

व्ही-पट्ट्याचं वेगळं. अमेरिकेत जॉन गेट्स यांनी १९१७ साली रबरी व्ही-पट्टा काढला आणि तो आधी मोटारींत गेला. तो खोबणीच्या तळावर बसत नाही, दोन्ही बाजूंच्या भिंतींत पाचरीसारखा रुततो. खोबणीचा तळ चकाकू लागला की समजायचं, भिंती झिजल्या, पुली संपली. जुन्या स्पोर्ट्स गाड्या निगुतीने सांभाळणारे लोक मुंबई-पुण्यात आहेत. त्यांच्यापुढचा प्रश्नही हाच असतो. क्रँकशाफ्टची पुली, पाण्याच्या पंपाची पुली आणि डायनामोची पुली, तिन्ही एका रेघेत हव्यात. डायनामो काढून अल्टरनेटर बसवला, एक वॉशर चुकीच्या बाजूला पडला, की रेघ मोडते. साधारण अर्ध्या अंशापर्यंतची चूक व्ही-पट्टा सोसतो. गिरणीच्या पाच फुटी अंतरात अर्धा अंश म्हणजे तेरा मिलिमीटर, गाडीच्या बॉनेटखाली वीतभर अंतरात दोनच. मी हे सांगितलं तेव्हा मिस्त्री जरा वेळ गप्प राहिले. "दोनच? मग त्यांना दोरा नाही चालणार, पोलादी पट्टी लागेल," म्हणाले. न पाहिलेल्या गाडीचं काम त्यांच्या डोक्यात सुरू झालं होतं.

अकरा वाजता खरं काम लागलं. चक्कीची पुली शाफ्टवर थोडी आत सरकवायची होती, एवढंच. पुली आणि शाफ्ट यांच्या खाचेत ठोकलेली चावी काढायची, पुली सरकवायची, चावी परत ठोकायची. मिस्त्रींनी सकाळी अंदाज दिला होता, एक तास.

चावीचं डोकं आधीच तुटलेलं निघालं. असल्या चावीला शंभर मिलिमीटरला एक मिलिमीटर असा उतार असतो. ठोकलं की ती घट्ट होत जाते, आणि काढायची तर डोक्याखाली पाचर घालूनच. डोकंच नाही म्हटल्यावर पकडायला काही उरत नाही. मागून ठोकायला जागा नव्हती, तिथे बेअरिंग. पुलर लावला तर बिडाच्या पुलीची कड तडकायची भीती. पोराने गॅसने तापवण्याचं सुचवलं. तो आयटीआयचा फिटर, दोन वर्षं करून आलेला, हात चांगला आहे. मिस्त्रींनी नको म्हटलं, बेअरिंगमधलं ग्रीस जळून जाईल. मग तेल सोडून वाट पाहिली. हलक्या हातोडीने पुलीच्या बुंध्यावर गोल गोल टकटक, तासभर. दीड वाजता चावीत भोक पाडायला घेतलं. ड्रिल दोनदा तुटलं. चावी निघाली तेव्हा तिच्यासोबत खाचेची एक कडही निघाली.

नवी चावी जुन्या मापाची चालणार नव्हती. पोराला मोटरसायकलवर तळोद्याला लेथवर पाठवलं. तो येईपर्यंत मिस्त्रींनी इंजिनाकडची बाजू घेतली. फ्लायव्हीलवरची नवाची पुली सोडवली, त्यांच्या गोणीतून आठाची काढली. ती बसवताना हरभऱ्याच्या डाळीएवढी गंजाची खपली मधे राहिली आणि इंजिन फिरवताच पुली डुलू लागली. मला ते दिसलंही नव्हतं. त्यांनी कडेशी खडू धरला, तो एकाच बाजूला लागला. पुली परत काढली, कानशीने दोन्ही तोंडं साफ केली, परत बसवली. या वेळी खडूची रेघ सगळीकडे सारखी आली.

पोराने आणलेली नवी चावी ठोकून झाली आणि चार वाजता दोरा लागला. इथे मला त्यांच्या कामातला सर्वांत हट्टी भाग कळला. मी समजत होतो की दोरा दोन्ही पुल्यांच्या कडांना चार जागी टेकला की झालं. इंजिनाची पुली चार इंच रुंद होती, चक्कीची पाच. कडा एका रेघेत आणल्या तर मधले फुगवटे अर्ध्या इंचाने चुकतात, आणि पट्ट्याला फुगवट्याशी काम असतं. आधीच्या माणसाने नेमकं हेच केलं होतं. कडा सुरेख जुळवल्या होत्या. मिस्त्रींनी अर्ध्या इंचाचा लाकडी तुकडा कापला आणि दोरा मोठ्या पुलीच्या कडेला टेकवून, लहान पुलीपाशी तो तुकडा दोरा आणि कड यांच्या मधे धरला. तुकडा पुढच्या कडेला जितका घट्ट, तितकाच मागच्या कडेला. पुढे घट्ट नि मागे सैल म्हणजे शाफ्ट वाकडा. "दोऱ्याला ढकलायचं नाही. ढकललेला दोरा खोटं बोलतो," त्यांनी पोराला सांगितलं.

पट्टा बदलावा लागला नाही, पण सांधा तिरका होता. कॅनव्हासच्या पट्ट्याचं टोक गुण्या लावून काटकोनात कापावं लागतं. कोयत्याने अंदाजे कापलेला पट्टा प्रत्येक फेऱ्याला सापासारखा वळवळतो, पुल्या कितीही जुळल्या तरी. त्यांनी टोक कापलं, क्लिपा ठोकल्या. चार इंच पट्टा कमी झाला, म्हणून इंजिन पुढे घ्यावं लागलं. पुढे घेतलं म्हणून दोरा पुन्हा.

सहाला पोराने हँडल मारलं. रिकाम्या चक्कीवर पट्टा माथ्यावर बसला, जागचा हलेना. बाहेर पाटीत ज्वारी घेऊन दुपारपासून थांबलेल्या बायका आत डोकावू लागल्या. गिरणीवाल्याने हॉपरमध्ये धान्य ओतलं. दगडावर भार आला तसा पट्टा बोटभर सरकला, मग दोन बोटं, आणि मिस्त्रींनी हात वर केला. इंजिन बंद.

कारण जमिनीत होतं. इंजिन लाकडी ओंडक्यांवर बसवलेलं, आणि वर्षानुवर्षांच्या थरथरीने ओंडक्यांतली बोल्टची भोकं लांबट झाली होती. भार आला की पट्टा इंजिनाला चक्कीकडे ओढतो. एका पायाचा बोल्ट हटत नव्हता, दुसरा केसभर हटत होता, आणि तेवढ्याने शाफ्ट वाकडा होत होता. थंड, रिकाम्या यंत्रावर घेतलेलं माप भाराखाली टिकत नव्हतं. सिमेंटचा पाया घालायला हवा, तो घट्ट व्हायला दिवस द्यायला हवेत, आणि गिरणी तेवढे दिवस बंद ठेवणं या वस्तीला परवडणारं नाही. अशा वेळी काय करायचं हे कुठे लिहिलेलं असेल असं मला वाटत नाही. ते पोर जवळ उभं होतं आणि बघत होतं, म्हणून मला जरा धीर आला. असं बघायला उभं राहणारी पोरं आता किती राहिली आहेत, हा प्रश्न मात्र मनातून गेला नाही. पंप पाण्याखाली गेले, चक्क्यांना मोटर थेट जोडून येते. पट्टा लावायला माणूस बोलवायची गरज दर वर्षी कमी होते, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी अजून जिथे पट्टा आहे, तिथे तो उतरला की त्या दिवशी भाकरी अडते.

मिस्त्रींनी पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, लांबट भोकांत बोल्टच्या अंगाला ठोकून बसवल्या. सैल पायामागे बाभळीची पाचर मारली. मग एक केलं जे मी पुस्तकात वाचलं नव्हतं: ज्या बाजूला इंजिन भाराखाली हटत होतं, त्याच्या उलट बाजूला त्यांनी ते तुकड्याच्या मापापेक्षा किंचित वाकडं ठेवलं, म्हणजे हटलं की सरळ यावं. किती वाकडं? त्यांनी दोऱ्याकडे पाहिलं, अंगठ्याच्या नखाने लाकडाच्या तुकड्यावर खूण केली.

अंधार पडला होता. पोराने मोबाइलचा दिवा दोऱ्यावर धरला. इंजिन सुरू झालं, धान्य पडलं, पट्टा सरकला आणि फुगवट्याच्या अलीकडे अर्ध्या बोटावर थांबला. मिस्त्री पाच मिनिटं तसेच उकिडवे बघत राहिले. मग पहिल्या बाईला म्हणाले, "ताई, टाका." आणि पोराला म्हणाले, दोरा गुंडाळू नको, हिचं दळण झालं की परत लावायचाय.