घाट उतरताना उंची कुठे जाते?

पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी लोणावळा सोडते, खंडाळा मागे टाकते आणि बोरघाट उतरायला लागते. कर्जतपर्यंतच्या २८ किलोमीटरांत ती जवळजवळ ५५० मीटर खाली येते. या टप्प्यात इंजिनाला गाडी ओढावी लागत नाही, धरून ठेवावी लागते. ती का आणि कशी, याचा हिशेब यांत्रिक ऊर्जेच्या नियमाने मांडता येतो.

उंचीवरच्या प्रत्येक वस्तूकडे स्थितिज ऊर्जा असते. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की ती मिळते. ५५० मीटर उंचीवरच्या एका किलोमागे ही ऊर्जा सुमारे ५,४०० जूल भरते. वस्तू खाली येऊ लागली की स्थितिज ऊर्जा घटते आणि तेवढीच गतिज ऊर्जा वाढते. दोहोंची बेरीज म्हणजे यांत्रिक ऊर्जा. काम करणारं बल फक्त गुरुत्वाकर्षणाचं असेल, तर ही बेरीज तसूभरही बदलत नाही.

समजा, गाडीवर दुसरं कुठलंच बल काम करत नाही. मग वरची सगळी स्थितिज ऊर्जा खाली गतिज होईल. वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असल्याने उडून जातं आणि वेग निघतो सेकंदाला १०४ मीटर, म्हणजे ताशी ३७० किलोमीटरांहून जास्त. रिकामा डबा असो की भरलेली मालगाडी, उत्तर एकच. अर्थात त्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच एखाद्या वळणावर गाडी रूळ सोडेल.

गुरुत्वाकर्षणाला वाटेशी देणंघेणं नसतं. अभियंते जेम्स बर्कले यांच्या आखणीनुसार १८६३ मध्ये हा रेल्वेमार्ग खुला झाला, तेव्हा सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर असा ठेवला होता. त्यासाठी मार्ग डोंगराच्या कडेकडेने वळवत न्यावा लागला. तो सरळ आणि तीव्र उताराचा केला असता, तरी गुरुत्वाकर्षणाने केलेलं काम तेवढंच भरलं असतं, कारण ते फक्त वरच्या आणि खालच्या टोकांमधल्या उंचीवर ठरतं. शिवाय चढताना खर्ची पडलेलं हे काम उतरताना पुरतं वसूल होतं. अशा बलांच्या राज्यात यांत्रिक ऊर्जा अक्षय्य राहते.

घर्षण आणि हवेचा विरोध यांची रीत वेगळी. त्यांची दिशा नेहमी गतीच्या उलट असते, त्यामुळे ते चढताना ऊर्जा घेतात आणि उतरतानाही घेतात. वाट जितकी लांब, तितकी वसुली जास्त. जाऊन-येऊन गुरुत्वाकर्षणाचा हिशेब शून्यावर येतो, घर्षणाचा मात्र कधीच येत नाही. म्हणून नियमात एक दुरुस्ती लागते: यांत्रिक ऊर्जेत जेवढी घट झाली, तेवढं काम या बलांच्या विरुद्ध झालेलं असतं. ती ऊर्जा नष्ट होत नाही. बहुतेक उष्णता होते आणि चाकं, रूळ, हवा यांत विखुरते. एकूण ऊर्जा कायम राहते, फक्त यांत्रिक खात्यातून बाहेर पडते.

रेल्वेची अडचण अशी की पोलादी रुळावर पोलादी चाक फिरताना विरोध फारच कमी होतो. ३७ ला १ या उतारावर गुरुत्वाकर्षण गाडीला जितकं पुढे खेचतं, त्याच्या दहाव्या भागाइतकाही हा विरोध नसतो. उभी गाडी ब्रेकविना सुटली, तर मिनिटभरात ताशी ५० किलोमीटरांच्या पुढे जाईल. त्यामुळे विरोध मुद्दाम निर्माण करावा लागतो, आणि ते काम ब्रेकचं.

हजार टनांची गाडी त्या उतारावर ताशी ३० किलोमीटरांच्या स्थिर वेगाने उतरते आहे असं धरू. वेग स्थिर, म्हणजे गतिज ऊर्जा वाढत नाही. मग कमी होणारी सगळी स्थितिज ऊर्जा ब्रेकनेच बाहेर काढायला हवी. हा दर सुमारे २,२०० किलोवॉट पडतो, म्हणजे दोन किलोवॉटचे हजाराहून जास्त गिझर एकदम चालू केल्यासारखा. पूर्ण घाटाची बेरीज वीजबिलाच्या भाषेत सुमारे १,५०० युनिट होते. एवढी उष्णता नुसत्या ब्रेकच्या घर्षणावर सोपवली, तर ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते.

म्हणून विजेची इंजिनं मोटरचाच ब्रेक करतात. उतारावर चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनित्र होते आणि फिरण्याला विरोध करते. जुन्या पद्धतीत ही वीज रोधकांत जाळून टाकली जाई. डब्ल्यूएपी-७ सारखी आजची इंजिनं ती वरच्या तारेत परत पाठवतात. त्याच वेळी घाट चढणारी दुसरी गाडी ती वापरू शकते. वाटेत काही भाग उष्णतेत जातोच, पण बराचसा हाती लागतो.

एवढं करूनही गाडी हाताबाहेर गेली तर? त्यासाठी घाटात कॅच सायडिंग, म्हणजे मुख्य मार्गातून फुटणारी बाजूची रूळवाट, असते. मंकी हिल, ठाकूरवाडीसारख्या ठिकाणी उतरणाऱ्या गाड्या थांबतात, ते गाडी ताब्यात आहे याची खात्री व्हावी म्हणून. सायडिंगचे सांधे एरवी मुख्य मार्गाकडे नाही, सायडिंगकडेच लावलेले असतात. पळत सुटलेली गाडी आपोआप तिकडे वळते.

अशी सायडिंग चढाची असते आणि रुळांवर वाळू असते. दोन्हींची गरज का? ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी नुसत्या चढावर थांबवायची, तर तिला सुमारे २० मीटर उंची चढू द्यावी लागेल. दहाला एक असा चढ धरला, तर सुमारे २०० मीटर रूळ पुरतील. पण वर क्षणभर थांबलेली गाडी लगेच मागे घसरू लागेल आणि घर्षण नसेल, तर पायथ्याशी पुन्हा ताशी ७२ नेच पोहोचेल. चढाने घेतलेली ऊर्जा जशीच्या तशी परत केलेली असेल. वाळू मात्र घेतलेलं परत देत नाही. चढ गाडीचा वेग उतरवतो, पण ती थांबल्यावर थांबलेलीच राहते ती वाळूमुळे.

चढताना घर्षणापायी गेलेलं प्रत्येक युनिट हा तोटा असतो. उतरताना मात्र गाडी सुखरूप कर्जतला पोहोचते, ती मोटरच्या ब्रेकबरोबरच घेतलेलं परत न करणाऱ्या याच बलाच्या भरवशावर.