जाहिरातीची भाषा आणि विद्यार्थ्यांची पारख

दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांची पाने खाजगी शिकवणी वर्गांच्या जाहिरातींनी भरून जातात. हसऱ्या चेहऱ्यांची रांग, प्रत्येकाखाली मिळालेला क्रमांक आणि वर ठळक अक्षरांत ‘यशाची खात्री’. या जाहिरातीचा वाचक सोळा-सतरा वर्षांचा असतो. शुल्क मात्र पालक भरतात आणि ते पुष्कळदा लाखाच्या घरात जाते. त्यासाठी कोणी मुदत ठेव मोडतो, कोणी दागिने तारण ठेवतो. ज्या चार ओळींच्या भरवशावर एवढा निर्णय घेतला जातो, त्या कशा वाचाव्यात हे मात्र वर्गात क्वचितच शिकविले जाते.

वास्तविक त्यासाठी लागणारी साधने मराठीच्या तासालाच हाताशी असतात. शब्दयोगी अव्यये विद्यार्थी पाठ करतात. त्यांचा खरा पराक्रम जाहिरातीत दिसतो. ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ या शब्दांतील ‘पर्यंत’ झाकून पाहावे. दुकानातील एखाद्याच वस्तूवर ५० टक्के सूट असली आणि बाकी साऱ्या मालावर ५ टक्के असली, तरी ते वाक्य शब्दशः खोटे ठरत नाही. ‘पासून’ हा त्याचाच जुळा भाऊ. इंदूर, बडोदे किंवा बंगळूर येथे वाढणाऱ्या मराठी मुलांना हेच अव्यय ‘तक’, ‘सुधी’ आणि ‘वरेगे’ या रूपांत भेटते. लिपी बदलली तरी त्याचे काम बदलत नाही. कर्मणी रचनेचेही तसेच. ‘सिद्ध झालेले’, ‘शिफारस केलेले’ असे म्हटले की कर्ता अलगद अदृश्य होतो. कोणी सिद्ध केले, कोठे, किती जणांवर पाहून?

अतिशयोक्ती हा कवितेत अलंकार आहे आणि जाहिरातीतही तो सर्वस्वी निषिद्ध नाही. १९८५ साली स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेची संहिताही, जी उघडउघड गंमत म्हणून कळते अशा अतिशयोक्तीला हरकत घेत नाही. अडचण येते ती अलंकार आणि विधान यांची सरमिसळ होते तेव्हा. ती ओळखण्यासाठी शिक्षकांना एक साधा प्रश्न वापरता येईल : ‘हे वाक्य खोटे ठरवायचे असेल, तर काय तपासावे लागेल?’ ‘आयुष्य उजळविणारे शिक्षण’ हे कशानेही खोटे ठरत नाही. म्हणजेच त्यात माहिती काहीच नाही. ‘आमचे ४० विद्यार्थी उत्तीर्ण’ हे तपासता येते. पण ४० कितींपैकी? आणि ‘आमचे’ म्हणजे काय?

हा दुसरा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नागरी सेवा परीक्षेच्या शिकवणी संस्थांच्या जाहिराती तपासल्या, तेव्हा झळकणाऱ्या यशस्वी उमेदवारांपैकी अनेकांनी केवळ मुलाखतीचे मार्गदर्शन घेतल्याचे आढळले. पूर्व व मुख्य परीक्षेचे डोंगर त्यांनी त्या संस्थेविनाच चढले होते. छायाचित्र खरे, क्रमांक खरा, उमेदवारही खरा. पण वाचकाच्या मनात उमटणारे चित्र खोटे! नोव्हेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने शिकवणी क्षेत्रासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. उमेदवाराने कोणता अभ्यासक्रम, किती काळ घेतला हे जाहिरातीत सांगणे आता आवश्यक आहे आणि निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घेतल्याविना त्याचे नाव वा छायाचित्र वापरता येत नाही. तळटीप मुख्य दाव्याच्याच भाषेत असावी आणि तिने त्या दाव्याला छेद देऊ नये, असे जून २०२२ च्या सर्वसाधारण तत्त्वांतही म्हटले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. (येथेही ‘पर्यंत’ आहेच!)

उरलेले काम गणिताच्या तासाचे. ‘केवळ १० टक्के व्याज’ ही ओळ फळ्यावर लिहावी. १२,००० रुपयांचे कर्ज, मुदत एक वर्ष, दर सरसकट अर्थात ‘फ्लॅट’. व्याज १,२०० रुपये, एकूण परतफेड १३,२०० आणि मासिक हप्ता १,१०० रुपये. हिशेब निर्दोष दिसतो. परंतु सहा हप्ते भरून झाल्यावर जवळजवळ निम्मे मुद्दल परत गेलेले असते, तरी व्याज मात्र पूर्ण १२,००० वर चालूच राहते. घटत्या शिलकीच्या पद्धतीने मांडले तर हाच दर दरमहा सुमारे दीड टक्का, म्हणजे वर्षाला सुमारे १८ टक्के निघतो. मुलांना हे सांगू नये. त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. स्वतःच्या वहीत १० चे १८ होताना पाहिलेला विद्यार्थी ‘केवळ’ हा शब्द पुढे सहजासहजी गिळत नाही. ‘शून्य टक्के व्याज’ या शब्दप्रयोगाबाबत तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की अशी संकल्पना अस्तित्वातच नाही. व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या आडून वसूल होते.

ठेवींच्या जाहिरातींना ७२ चा नियम लावता येतो. ‘पाच वर्षांत दामदुप्पट’ असे वाचले की ७२ ला ५ ने भागावे. चक्रवाढ दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास येतो. बँका इतका दर देत नसताना ही मंडळी तो कोठून देणार, हे विचारण्यास वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. १९९० च्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांमध्ये पैसे घालून बसलेल्या अनेक घरांतील आजोबा या विषयावर उत्तम पाठ घेऊ शकतील.

या अभ्यासातून बँकेचे पत्रकही वगळू नये. शाखेतून गृहकर्जाचे किंवा शैक्षणिक कर्जाचे एखादे पत्रक मागून घ्यावे. त्यातील ‘पासून’ कोणत्या कर्जदारांसाठी आहे, प्रक्रिया शुल्क किती, दर स्थिर की बदलता, हे विद्यार्थ्यांनी लिहून काढावे आणि ती यादी घेऊन शाखेतील अधिकाऱ्यांना भेटावे. दिशाभूल करणारी जाहिरात आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवण्यास हरकत नाही.